पेल्मेट (पडद्याचा रॉड झाकणारी खिडकीवरची पेटी) करून घेताय? एक फसलेला, एक जमलेला, दोन्हीचा अनुभव

आमच्या बेडरूमची खिडकी पूर्वेची आणि नवऱ्याची शिफ्ट रात्रीची. तो पहाटे घरी येऊन आडवा होतो आणि तेवढ्यात सूर्य वर येतो. ब्लॅकआउटचे पडदे लावले, चांगले जाड घेतले, तरी सात वाजता खोली लख्ख. मला वाटायचं कापडातनंच उजेड येतोय, दुकानदाराने फसवलं. मग एका सकाळी दार लावून घेतलं आणि आत उभी राहून नीट बघितलं, तर कापड अगदी काळं होतं, त्यातून काही येत नव्हतं. उजेड येत होता वरून. रॉड भिंतीपासून तीन-चार इंच पुढे असतो ना, तर पडदा आणि भिंत यांच्यामधे जी फट राहते तिच्यातून उजेड वर छतावर जात होता आणि छत पांढरं असल्यामुळे तिथून सगळ्या खोलीभर पसरत होता. म्हणजे कितीही महाग कापड घेतलं असतं तरी काही उपयोग झाला नसता.

तेव्हा आईच्या घरातले पेल्मेट आठवले. आमच्या जुन्या घरी प्रत्येक खिडकीवर लाकडी पेटीसारखा पेल्मेट होता, त्यावर मरून रंगाचं सनमायका, आणि आई त्यावर शोभेच्या वस्तू ठेवायची. पुढे स्टीलचे चकचकीत रॉड आले, टोकाला गोल गोल नॉब, आणि सगळ्यांनी पेल्मेट काढून टाकले, आम्हीपण काढले. आता परत लोक करून घेतायत आणि मला तर मनापासून वाटतं की ती काढायची वस्तू नव्हतीच. रॉड, ब्रॅकेट, स्क्रू, भिंतीला पडलेली भोकं, पडद्याच्या हुकांची रांग, सगळं झाकलं जातं आणि खिडकी कशी पूर्ण दिसते. आणि वरचा उजेड बंद होतो, जो आमच्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा होता.

तर पुण्यात आम्ही दोन पेल्मेट करून घेतले, हॉलचा साडेसात फूट आणि बेडरूमचा साडेसहा फूट. आणि दोनदा करून घेतले. पहिल्यांदाचे पैसे वाया गेले, ते का गेले ते सविस्तर लिहिते म्हणजे तुमचे जाणार नाहीत.

पहिल्यांदा आमच्याच भागातल्या एका पडद्याच्या दुकानात गेलो. पडदे तिथेच शिवायला टाकले होते, ते म्हणाले पेल्मेटपण आम्हीच करून देतो, ५५० रुपये रनिंग फूट (लांबीच्या दर फुटाला), म्हणजे १४ फुटांचे ७,७०० झाले. माणूस आला, टेपने खिडकीची रुंदी मोजली, रंगाचं कॅटलॉग दाखवलं, पाच मिनिटात गेला. आठ दिवसांनी तयार पेल्मेट घेऊन आले आणि तासाभरात लावून गेले. दिसायला खरंच सुंदर होते, हलका ओक रंग, कडा एकदम साफ. मी त्या दिवशी सगळ्या बहिणींना फोटो पाठवले. मार्च महिना होता.

पहिली चूक त्याच संध्याकाळी कळली. हॉलला आमचे डबल पडदे आहेत, मागे पातळ शिअर आणि पुढे जाड, दोन्ही आयलेटचे (वरच्या कडेला रिंगा बसवलेले), एक इंची पाइपवर. आयलेटचा पडदा सरळ लटकत नाही, तो नागमोडी जातो, पुढे दीड-दोन इंच आणि मागे तेवढाच. दोन रॉड म्हणजे असे दोन नागमोडी पडदे एकापुढे एक, वर मधे हात जाईल एवढी जागा. दुकानवाल्यांनी दोन्ही पेल्मेट सरसकट सहा इंच खोल केलेले. मग ते बसेनात म्हणून त्या मुलाने ब्रॅकेट मागे दाबून वाकवले आणि पडदे कसेबसे आत कोंबले. पडदा ओढला की पुढच्या फळीला आतून घासायचा, खर्र खर्र आवाज यायचा, आणि दोन महिन्यात प्रत्येक घडीच्या माथ्यावर, बरोबर जिथे फळी लागायची तिथे, कापडाला पांढुरकी रेघ पडली. नवीन पडदे होते हो. ती रेघ अजूनही आहे, धुवून जात नाही.

दुसरी चूक बेडरूममधे. पेल्मेटला वरून झाकणच नव्हतं. पुढची फळी, दोन बाजूच्या फळ्या आणि वर उघडं. समोरून बघितलं तर कळतही नाही. पण मी ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो उजेड तसाच वर जात होता, उलट आता पेल्मेटच्या वरच्या कडेने छतावर एक सरळ पट्टा उमटायचा. दुकानात फोन केला तर म्हणाले मॅडम पेल्मेट असाच असतो, झाकणाचा वेगळा चार्ज. आधी सांगितलं असतं तर दिला असता ना मी!

आणि तिसरी चूक पावसाळ्यात बाहेर आली. हॉलची खिडकी पश्चिमेची, जुलैमधे तिकडून पावसाची झड येते आणि स्लायडिंग खिडकी थोडी जरी उघडी राहिली तरी आतल्या भिंतीला ओल येते. ऑगस्टमधे मला पेल्मेटची खालची कड जाड दिसायला लागली. बोट लावलं तर सनमायका सुटलेलं, दाबलं की आत मऊ लागायचं, आणि कोपऱ्यातून बारीक तपकिरी भुसा गळत होता. आधी वाटलं वाळवी. घाबरून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं, तो बघून म्हणाला वाळवी नाही ताई, हे एमडीएफ आहे, पाणी प्यायलंय. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू रेझिनच्या गोंदाने दाबून केलेला बोर्ड. कोरड्या जागेत ठीक, गुळगुळीत असतो, स्वस्त असतो, पण कडेने पाणी शिरलं की फुगतो आणि एकदा फुगला की परत जागेवर येत नाही, स्क्रूपण मग त्यात धरत नाही. दुकानात विचारलं तर उत्तर आलं की पाणी लागलं तर फुगणारच. बिलावर नुसतं 'पेल्मेट १४ फूट' एवढंच लिहिलेलं, बोर्ड कुठला याचा उल्लेख नाही, त्यामुळे भांडायला जागाच नव्हती. मला तेव्हा खूप वाईट वाटलं, पैशापेक्षा जास्त याचं की विश्वासाने काम दिलं होतं.

दिवाळीच्या आधी शेजारच्या काकूंनी त्यांच्या मिस्त्रींचा नंबर दिला. त्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव इथे लिहीत नाही, पण खरा रिव्ह्यू त्यांच्या कामाचा आहे.

मिस्त्री आले, आल्या आल्या टेप काढली नाही. आधी विचारलं वहिनी, पडदे कुठले लावणार, रॉडवर का ट्रॅकवर, सिंगल का डबल. मग जुना पेल्मेट काढून खाली ठेवला, पडदा तसाच रॉडवर लावायला सांगितला, एकदा पूर्ण उघडला, एकदा पूर्ण बंद केला, आणि भिंतीपासून पडद्याच्या सगळ्यात पुढे आलेल्या घडीपर्यंत मोजलं. साडेसात इंच आलं. म्हणाले, "पेल्मेटचं माप खिडकीवरून नाही घ्यायचं वहिनी, पडद्यावरून घ्यायचं." आणि वर हाताला जागा म्हणून हॉलचा पेल्मेट नऊ इंच खोल ठरवला. बेडरूमला एकच ब्लॅकआउट पडदा, तो त्यांनी रॉडवरून काढून ट्रॅकवर घ्यायला लावला, कारण ट्रॅकला चुणीचा पडदा लागतो आणि तो कमी जागा घेतो, तिथे सहा इंच पुरले. आयलेट कापून वर चुण्यांची पट्टी शिवून घ्यायला वेगळे पैसे गेले पण आता तो पडदा एका बोटाने सरकतो.

उंचीचं त्यांनी मला ठरवू दिलं आणि ती पद्धत मला फार आवडली म्हणून सांगते. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा होता घरात, तो आठ इंच रुंद पट्टीत कापला आणि मास्किंग टेपने पेल्मेटच्या जागी चिकटवला. म्हणाले आता सोफ्यावर बसा. बसल्यावर खालून रॉड दिसतो का बघा. मग गादीवर झोपून बघा. सहा इंचाच्या पट्टीत मला गादीवरून हुक दिसत होते, आठ इंचात दिसेनात. दहा लावून बघितलं तर खिडकीवर कपाट ठेवल्यासारखं जड वाटलं, आमचं छत साडेनऊ फुटाचंच आहे. आठ इंच फायनल. एक दिवस तो पुठ्ठा तसाच ठेवला होता, येताजाता बघत होते, आणि त्या एका दिवसाने सगळे वाद मिटले.

रुंदी दोन्ही बाजूंनी खिडकीपेक्षा नऊ-नऊ इंच जास्त ठेवली, म्हणजे पडदा उघडला की काचेवर न थांबता भिंतीवर गोळा होतो आणि खिडकी पूर्ण मोकळी मिळते. हे पहिल्या दुकानानेपण केलं होतं, तेवढं श्रेय त्यांना.

सामान आणायला मिस्त्रींबरोबर मीच भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेले. प्लायवर छापलेलं वाचायला त्यांनी शिकवलं. आयएस ३०३ (आयएस म्हणजे भारतीय मानक) लिहिलेलं असेल तर तो साधा घरगुती कामाचा प्लाय, त्यात परत एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन प्रकार, एमआर म्हणजे दमटपणा सोसेल पण पाणी नाही, बीडब्ल्यूआर त्याच्यापेक्षा पक्का. आणि आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याला सगळ्यात टिकाऊ. दुकानदार तोंडाने सगळ्यालाच वॉटरप्रूफ म्हणतो, तुम्ही शिक्का बघा. बेडरूमला बीडब्ल्यूआर चाललं असतं, पण हॉलला मरीन घ्यायचाच होता आणि दोन वेगळ्या शीट घेण्यापेक्षा एकीतच दोन्ही बसत होते. हे कसं ते सांगते कारण तिथे पैसे वाचले. शीट आठ बाय चार फुटांची, म्हणजे रुंदीला ४८ इंच. हॉलची वरची फळी ९ आणि पुढची ८, बेडरूमची वरची ६ आणि पुढची ८, सगळे मिळून ३१ इंच, आणि उरलेल्या पट्टीतून बाजूच्या चारही फळ्या निघाल्या. वर एवढा तुकडा उरला की देवघरात एक फळी झाली.

खर्च आमचा असा झाला: १८ एमएमची मरीन शीट ३,८००, सनमायका १,४००, कडांची पट्टी, अँगल, स्क्रू, फेविकॉल वगैरे ५००, मजुरी २,८००. एकूण ८,५००. पहिल्या वेळेपेक्षा फक्त ८०० रुपये जास्त! तुमच्याकडे भाव वेगळे असतील, पण सांगायचं हे की चांगलं काम दुप्पट महाग नव्हतं. त्यात टेंपोभाडं धरलेलं नाही.

आता लावण्याबद्दल, कारण खरी कारागिरी तिथे दिसली. १८ एमएम प्लायचा साडेसात फुटी पेल्मेट, सनमायका धरून, तेरा-चौदा किलोच्या आसपास जातो. तो नुसत्या दोन स्क्रूवर टांगायचा नाही. खिडकीच्या वर आरसीसीचा लिंटेल (काँक्रीटची आडवी तुळई) असतो, तिथे साधं ड्रिल फिरत राहतं, हॅमर ड्रिलच लागतं. (आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिल बंद, तर त्यांनी सकाळीच भोकं मारून घेतली.) दर दोन फुटाला एक एल अँगल भिंतीला पक्का केला, लेव्हल बाटलीने तपासून. मग पेल्मेट वरून त्या अँगलवर ठेवला, शेल्फसारखा, आणि खालून स्क्रू मारले. म्हणजे वजन अँगल पेलतात, स्क्रू फक्त हलू देत नाहीत. आणि कधी काढायचा झाला तर खालचे स्क्रू काढा, दोघांनी उचला, झालं. भिंतीला हात लावायचा नाही. गेल्या दिवाळीच्या साफसफाईला आम्ही दोघांनी काढून परत बसवला, वीस मिनिटं लागली.

बेडरूमच्या पेल्मेटला अर्थात वर पूर्ण झाकण. पण भिंत कुठे सरळ असते! प्लास्टर मधे फुगलेलं, फळी टेकवली की कुठे चिकटलेली, कुठे चार-पाच एमएमची फट. मी म्हटलं काका, सिलिकॉन भरून टाका. तर म्हणाले सिलिकॉन भरलं तर काढताना भिंतीचा रंग घेऊन येईल. त्यांनी फळीच्या मागच्या कडेला काळी फोमची पट्टी चिकटवली, खिडक्या-दारांना लावतात ती, आणि पेल्मेट भिंतीवर दाबून बसवला. फोम जिथे फट तिथे फुगला, जिथे नाही तिथे दबला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी आत जाऊन उभी राहिले. छत काळं. फक्त पडद्याच्या दोन कडांना उजेडाची बारीक दोरी. नवरा त्या दिवशी साडेबाराला उठला आणि उठल्यावर विचारलं की बाहेर पाऊस आहे का. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

हॉलला रंगाच्या बाबतीत मी ऐकलं नाही आणि ते एक जरा चुकलं. मिस्त्री म्हणत होते भिंतीच्या रंगाचं सनमायका घ्या, मी अक्रोड रंग घेतला कारण टीव्ही युनिट तसं आहे. दिसायला चांगलाच आहे, पण खिडकी थोडी बुटकी वाटते. बेडरूमला भिंतीसारखाच ऑफव्हाइट घेतला, तिथे पेल्मेट आहे हे पाहुण्यांना लक्षातही येत नाही आणि छत उंच वाटतं. लहान खोली, कमी उंची असेल तर भिंतीचाच रंग घ्या.

तोटे पण सांगायला हवेत. वरच्या सपाट झाकणावर धूळ बसते, पंधरा दिवसातून एकदा स्टुलावर चढून ओलं फडकं मारावं लागतं. आतल्या कोपऱ्यात जळमटं होतात. पहिल्याच महिन्यात आत पाल राहायला आली, मला पालीची प्रचंड भीती, तर बाजूच्या फळ्या आणि भिंत यांच्यामधेपण फोम लावून घेतला, खालून मात्र उघडंच असतं त्यामुळे पूर्ण इलाज नाही. वयस्कर माणसं एकटी राहत असतील तर स्टुलावर चढण्याचा विचार आधी करा. आणि खिडकीच्या वर एसी असेल तर पेल्मेट त्याच्या हवेच्या झोतात येणार नाही एवढा खाली आणि कमी खोल घ्या, माझ्या शेजारणीकडे तो झोत पेल्मेटवर आपटून परत वरच जातो आणि खोली गार व्हायला वेळ लागतो.

ज्यांना लाकूडकाम नको त्यांच्यासाठी कापडी झालर आहे. माझ्या सासूबाईंच्या खोलीत तशी केली. रविवार पेठेत कापडगंजातून पडद्याचंच दोन मीटर जास्तीचं कापड घेतलं, आत बकरम (कडक अस्तर) घालून टेलरकडून शिवून घेतलं, खाली कमानी कापून गोंडे लावले, त्यांना हवे होते म्हणून. वर लाकडाची साधी पट्टी, तिच्यावर वेल्क्रोची खरखरीत बाजू खिळ्यांनी मारलेली आणि कापडाला मऊ बाजू शिवलेली. ओढलं की निघते, दाबलं की बसते. स्वस्तात होतं, भिंतीवर वजन नाही. पण बकरम मशीनमधे धुतलं की मऊ पडतं आणि झालर मधे वाकते, आमची दोन धुण्यातच वाकली. हाताने, न पिळता धुवा किंवा ड्रायक्लीनला द्या. उजेड अडवायचा असेल तर झालरीचा भरवसा धरू नका, ती फक्त रॉड झाकते.

आणि ज्यांचं नवीन घर आहे, फॉल्स सीलिंग व्हायचंच आहे, त्यांनी पेल्मेट करूच नये, छतातच पडद्यासाठी खाच ठेवून घ्यावी. माझ्या जावेने वाकडला तसं केलंय, पडदा छतातून पडल्यासारखा दिसतो, फार देखणं. फक्त जिप्सम बोर्ड पडद्याचं वजन धरत नाही, ट्रॅक जिथे येणार तिथे वर प्लायची पट्टी टाकायला आधीच सांगा, सीलिंग बंद झाल्यावर काही करता येत नाही.

दुकानातून करून घेणार असाल तर बिलावर बोर्डाचं नाव, जाडी, आतली खोली आणि 'वरच्या झाकणासह' हे शब्द लिहून घ्या. लिहून द्यायला नको म्हटलं तर दुसरीकडे जा.

मिस्त्रींना माझ्याकडून पाचपैकी पाच. एक अख्खा पावसाळा गेला, पश्चिमेच्या झडीत हॉलचा पेल्मेट दोनदा चांगला भिजला, कड बोटाने दाबून बघते अधूनमधून, अजून दगडासारखी आहे. येत्या रविवारी ते सासूबाईंच्या खोलीचं माप घ्यायला येतायत. सासूबाई म्हणतात पेल्मेट करा पण गोंडे पुन्हा लावून द्या, तर आठ इंचाच्या फळीला खालून गोंडे कसे लावायचे ते आता मिस्त्री आणि त्या मिळून ठरवणार आहेत.